आजी कशी आहे मेली

शाळेच्या फाटकातच मलका आजींनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. नातीला, शाकेदला, कॉम्प्युटरच्या खोलीत यायची बंदी झाली होती आणि त्याला कारण म्हणे आजींचाच एक शब्द. कपड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या बाईचा शब्द मुंबईला जाऊन भांडण लावून येतो, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

नव्या शतकाचं पहिलंच वर्ष. इस्रायलच्या वाळवंटातल्या मित्स्पे रामोनच्या या शाळेतली मुलं मुंबईतल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मुलांशी कॉम्प्युटरवर लिहून गप्पा मारत. शाकेदची मैत्रीण सिम्हा. सिम्हाची आजी हॉस्पिटलात होती, म्हणून शाकेदनं इंग्रजी अक्षरांत मराठी जुळवून मायेनं विचारलं, 'आजी कशी आहे मेली?' ते वाचून सिम्हा रडत वर्गाबाहेर गेली. असली मुलं असतील तर हे सगळं बंद करू, असं सिम्हाच्या मुंबईच्या बाईंनी कळवलं होतं.

"पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचायचं, हा माझा नियम," कॉम्प्युटरच्या खोलीत शाकेदच्या हेदवा बाई म्हणाल्या. त्यांचं मराठी आईच्या स्वयंपाकघरापुरतंच. "हिनं वाचलंच नसेल, मलका मावशी."

"वाचलं, मोरा!" शाकेद बाईंकडे वळून हिब्रूत उसळली. "सावता म्हणते तस्संच वाचलं!"

सावता म्हणजे आजी, त्या स्वतःच. रोज दारात 'आलीस का मेली!' म्हणत त्याच तर तिला कुशीत घेत. पोरीला वाटलं, मेली म्हणजे लाडकी. आणि चुकलं तरी काय तिचं?

"अगो, माझा आवाज नाय गेला काय तिकडं?"

"आवाज नाही जात, मावशी. नुसती अक्षरं."

"मग मला तरी धाड तुझ्या त्या पेटीतून!"

हेदवा बाई हसल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरवरचा इवलासा कॅमेरा आजींकडे वळवला. थोड्या वेळानं काचेवर एक चौकोन उजळला. त्यात मुंबई होती. मुंबई सोडून इथं आल्यापासून आजींना तिथली खुशाली कळायची ती निळ्या पत्रांतून, शिळी होऊन. हे तर आत्ताचं ऊन, खिडकीबाहेर आत्ता हलणारं झाड! गावाबाहेरची ती अफाट दरी रोज बघूनही आजींची छाती दडपायची, पण आज या हातभर काचेपुढे त्यांना श्वास घ्यायचंही सुचेना.

चौकोनात सिम्हा आली. रडून डोळे सुजलेले. आजी सगळं विसरल्या आणि शब्बाथला, शनिवारी, सिनेगॉगमध्ये एकमेकांचे हात हाती घेऊन मग आपली बोटं चुंबतात तशी हातबोशी करायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तळवे काचेला टेकले, मग स्वतःची बोटं ओठांना लावली. मागे मुलं फिदीफिदी हसली.

चित्र अडखळलं, थांबलं. मग तुकड्यातुकड्यानं सिम्हाचे हात वर आले, जवळ आले, तळव्यांनी अख्खा चौकोन भरला. पुढच्या तुकड्यात तिची बोटं ओठांवर होती.

वर्गात कुणी हसलं नाही. आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. देवाची करणी म्हणावी की माणसाची, त्यांना कळेना.

शाकेदनं माफी लिहिली, मेलीचा अर्थही लिहिला.

"थांब," हेदवा बाई म्हणाल्या. "आता सावताच्या आवाजात वाचू नकोस. तिला तो ऐकू येणार नाही. कोरडं वाच."

शाकेदनं कोरडं वाचलं, दोन शब्द बदलले, आणि मगच पाठवलं.

उत्तर आलं. आजी इंग्रजी अक्षरं बोट ठेवून जुळवू लागल्या. आजी... घरी... आली... मेली...

त्या मटकन खाली बसल्या. "देवा, गेली गो ती!"

"सावता, नाही! पसिक! मधे पसिक आहे!" शाकेदनं आजींचं बोट धरून 'आली'च्या पुढच्या बारक्या स्वल्पविरामावर टेकवलं.

'आजी घरी आली, मेली.'