एक जानेवारीला जन्मलेल्या

आमच्या फार्मसीत नवीन लागलेली ईशा आळशी आहे, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. हॅमिल्टनच्या आमच्या भागात सोमाली कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि ईशाने नोंदवलेल्या सोमाली पेशंटपैकी निम्म्यांची जन्मतारीख एक जानेवारी होती. कॉम्प्युटर आपोआप जी तारीख दाखवतो तीच हिने ठेवून दिली, दुसरं काय? मी तिला मागच्या खोलीत नेऊन झापलं. वय चुकलं की डोस चुकतो, डोस चुकला की माणूस जातो, असं सगळं ऐकवलं. ती बिचारी मान खाली घालून ऐकत राहिली.

मी रागावले की माझं इंग्रजी फार मोठ्याने येतं, त्यामुळे काउंटरवर थांबलेल्या साहराला सगळं ऐकू गेलं. साहरा आमची जुनी गिऱ्हाईक. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि तोंडाने माझ्यापेक्षा फटकळ. तिने मला तिथेच सुनावलं, की त्या मुलीला बोलू नकोस, मीही एक जानेवारीची, माझा नवरा एक जानेवारीचा आणि त्याचे तिन्ही भाऊसुद्धा. लढाईतून पळून कॅम्पात आलेल्यांकडे कागद नव्हते. रांग लांबलचक होती, कारकून दमलेला होता. ज्याला तारीख सांगता आली नाही त्याला त्याने एक जानेवारी देऊन टाकली, आणि साल चेहऱ्याकडे बघून. "त्या दिवशी आमच्याकडे केकचे नुसते ढीग असतात," ती म्हणाली, "मेणबत्त्या मात्र अंदाजाने."

मी ईशाची माफी मागितली. माफी मागताना माझा चेहरा कसा होतो ते माझ्या नवऱ्याला, अभिषेकला विचारा.

घरी गेल्यावर मी हा किस्सा बाबांना सांगितला. माझे वडील काशिनाथ, माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, माझी तारीख काय आहे? मी म्हटलं, एक जून. मग तेच म्हणाले, की त्यात हसण्यासारखं काय आहे, आमच्या गावात एक जूनला एवढी माणसं जन्मली आहेत की सुईणीला त्या दिवशी चहा प्यायलाही सवड मिळाली नसेल.

खरंच होतं ते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा पूर्ण हवीत, आईबापांना तारीख ठाऊक नाही. गुरुजी एक जून लिहून मोकळे. बाबांनी स्वतःच अशी शेकड्याने पोरं जन्माला घातली होती, असं ते म्हणाले आणि मग मात्र हसले.

पंधरा दिवसांनी साहरा दुकानात आली ती औषधासाठी नाही. तिच्या हातात इमिग्रेशनचं पत्र होतं. तिची धाकटी बहीण होदन नैरोबीत राहते. दोन वर्षांपूर्वी आई वारल्यापासून ती तिथे एकटी, आणि तिला इकडे आणायचा साहराचा अर्ज विचाराधीन होता. पत्रात एकच प्रश्न होता. तुम्ही दोघींची जन्मतारीख एक जानेवारी १९८६ लिहिली आहे, मात्र तुम्ही जुळ्या असल्याचा उल्लेख कुठेही नाही, तर हे सख्ख्या बहिणींच्या बाबतीत कसं शक्य आहे? उत्तराला चार आठवडे. कॅम्पात आईने साहराला मावशीच्या हवाली केलं होतं, म्हणून तिची नोंद मावशीबरोबर झाली, होदनची पुष्कळ वर्षांनी नैरोबीत आईबरोबर. साहरा बुटकी, होदन उंच. दोन कारकुनांनी दोन चेहरे बघितले आणि एकच साल लिहिलं. हे खरं आहे असं सांगू शकणारी आई आता नव्हती.

मी तिला रविवारी घरी बोलावलं आणि चहा ओतता ओतता माझा शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, डोकं कशाला खाजवतेस, जुळ्या लिहून टाक. एका शब्दात प्रश्न मिटतो.

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. मला म्हणाले, "मुग्धा, उद्या तिच्या बहिणीला फोनवर विचारतील, दोघींत आधी कोण जन्मली? मग ती काय सांगेल? खोट्याला ठिगळ लावायला दुसरं खोटं लागतं. माझ्या मधुकरला विचार."

मधुकर म्हणजे माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. बाबा नवे मास्तर असताना त्याला लवकर शाळेत घालायचं म्हणून त्यांनी त्याचं वय दोन वर्षांनी वाढवलं होतं. एसटीतून तो दोन वर्षं आधी रिटायर झाला आणि वर्षभर बाबांशी बोलला नाही. पण शाळेत तो मोठ्या पोरांत नुसता रडत बसे, ते बघितल्यापासूनच म्हणे बाबांनी साल लिहायची घाई सोडली होती. ते आईलाच विचारत बसत. बहात्तरच्या दुष्काळात पोर रांगत होतं की चालत होतं? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोटात होतं की मांडीवर? अशा खाणाखुणांवरून ते वय काढत, आणि ते बहुधा बरोबर निघे.

तर आता बाबांनी वही मागवली आणि साहराबाईंची शाळाप्रवेशाची मुलाखत सुरू झाली. ते मराठीत विचारत, मी इंग्रजीत सांगे. पहिला प्रश्न ऐकून मलाच लाज वाटली: गाव सोडलं तेव्हा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडता येत होता का? आमच्याकडे असा हात कानाला लागला की पोरगं पहिलीत. साहरा इतकी हसली की चहा सोफ्यावर सांडला. तिला ते आठवत नव्हतं, पण तिने लगेच स्वतःचा कान पकडून दाखवला. बाबा म्हणाले, पास.

मग त्यांनी विचारलं, गाव का सोडलं. साहराने बशीत बोट फिरवत सांगितलं, की सगळे लढाईचंच विचारतात, पण तिला आधी आठवतात ती जमिनीतली धान्याची पेवं. बैदोआजवळ त्यांचं गाव. बंदूकवाले दोनदा आले, दुसऱ्यांदा त्यांनी पेवं उकरून ज्वारी नेली. त्या वर्षी पाऊसही नव्हता. माणसं बंदुकीला भिऊन नाही, रिकामं पेव बघून निघाली. बाबा हळूच म्हणाले, पेव. पेव म्हणजे काय ते मला त्यांनीच नंतर समजावलं, त्यांच्या आजोबांकडे होतं म्हणे.

"दात?" बाबांनी विचारलं.

साहरा एकदम सरळ बसली. दात तिला पक्के आठवत होते. पुढचे चारही पडलेले, तोंडाचं बोळकं, नीट बोलता येत नव्हतं. वाटेतल्या एका चौकीवर बंदूकवाल्या पोराने नाव विचारलं आणि तिला स्वतःचंच नाव म्हणता येईना. तो हसला आणि सगळ्यांना सोडून दिलं. आणि होदन? होदनचे सगळे दुधाचे दात जागेवर होते, कारण ती रडू आलं की साहराच्या खांद्याला चावायची. आईच्या डोक्यावर भांडी होती, म्हणून सतरा दिवस होदन साहराच्या पाठीवर होती.

बाबांनी हिशेब मांडला. मोठी सात वर्षांची, धाकटी जेमतेम तीन. वहीच्या नव्या पानावर त्यांनी शाळेच्या दाखल्यासारख्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलं, मी त्याचं इंग्रजी केलं, साहराने सही केली. तारीख आम्ही एकही दिली नाही. फक्त दात, पाठ, सतरा दिवस आणि दोन दमलेले कारकून. बाबांनी खाली स्वतःचं एक पत्र जोडलं, की मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक असून अशा खोट्या तारखा मी स्वतः लिहिलेल्या आहेत. मी म्हटलं, असा कबुलीजबाब कशाला? ते म्हणाले, "साक्षीदार चोर असला तरी चालतो, त्याला चोरी माहीत असते."

निघताना साहराने त्यांना "अदीर" म्हटलं. त्यांच्यात काकाला तसं म्हणतात. बाबा दिवसभर ताठ चालत होते.

मग पाच महिने काहीच नाही. मी रोज चिडत होते, आधी इमिग्रेशनवर, नंतर स्वतःवर. जुळ्या लिहिलं असतं तर एव्हाना काम झालं असतं, आणि आता नकार आला तर होदन कायमची तिकडेच राहणार, ते माझ्या बापाच्या खरेपणामुळे, असंही एकदा मनात आलं. बाबांची परत जायची तारीख जवळ आली, पण ते सामान बांधेनात.

एका मंगळवारी, दुकानात रांग असताना साहरा सरळ काउंटरच्या आत शिरली. तिच्या हातात इमिग्रेशनचा कागद होता आणि मला वाटलं, संपलं. तिने तो माझ्यापुढे धरला. अर्ज मंजूर झाला होता, सोबत अधिकाऱ्याची टिपणं जोडलेली होती. तिने नखाने एका परिच्छेदाखाली रेघ ओढली आणि मला मोठ्याने वाचायला लावलं.

अधिकाऱ्याने होदनला फोन केला होता. साहराने काय लिहून दिलंय ते तिला न सांगता विचारलं होतं, गाव सोडल्याचं तुला काय आठवतं? होदनने उत्तर दिलं होतं: "रस्ता आठवत नाही. कोणाचा चेहराही आठवत नाही. ताईची मान आठवते, मागून, फार जवळून. तिला घाम यायचा आणि मी तो चाटायचे, कारण पाणी नव्हतं."

"तिने मला हे कधीच सांगितलं नव्हतं," साहरा म्हणाली. "मला वाटायचं, तिला काहीच आठवत नाही. माझ्या एकटीच्याच डोक्यात आहे सगळं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ईशाने न सांगता माझी जागा घेतली आणि रांगेतल्या म्हाताऱ्याला म्हणाली, जरा थांबा, आमच्या घरी पाहुणी यायची आहे.