दुसरा बार

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात दोन टेबलं. एक माझं, एक फटाका सरांचं. नाव फटाका, पण माणूस इतका मऊ, की मांजराला हाकलतानाही आधी माफी मागेल. शर्यत सुरू करताना पिस्तुलाचा बार काढायचं काम त्यांचं, म्हणून पोरांनी नाव पाडलं. मी शर्यतीची वेळ नोंदवायचो आणि उरलेला दिवस खोड्या काढायचो.

त्यांच्या शिट्टीत मी पिठीसाखर भरली. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. ते शांतपणे सोडवत म्हणायचे, "गाठ झकास मारतोस रे, उपद्व्यापी!" अशा माणसाची खोडी काढण्यात काय मजा? तरी एकोणीस वर्षं नेटाने काढली.

सरांचा बार मात्र अधूनमधून चुकायचा. पोरं सुटली, की लगेच दुसरा बार. दुसरा बार म्हणजे सगळ्यांनी परत फिरायचं. "माझी चूक! बोट लवकर दाबलं गेलं," म्हणत सर कान पकडायचे. प्राचार्या मॅडम चारचौघांत झापायच्या. मी पलीकडच्या टोकाला, शेवटच्या रेषेवर खिदळत उभा.

मग सरांना घशाचा कॅन्सर निघाला. आवाज बसला. शेवटच्या स्पर्धेत 'जागेवर... तयार...' हे ओरडायला मला त्यांच्या शेजारी उभं केलं. बार त्यांनी काढला. तेवढ्यात चौथ्या पट्टीतलं पोरगं घसरून गुडघ्यांवर आलं आणि माझ्या कानाशी दुसरा बार वाजला.

"माझी चूक," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मी बघतच राहिलो. "अहो, म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही..."

"हळू बोल. तो पडला म्हणून परत बोलावलं असं कळलं, तर त्याला लाज वाटेल. मला काय, ओरडा खायची सवय आहे."

च्यायला! खोड्यांमध्ये माझा बाप निघाला हा माणूस!

हॉस्पिटलात मी नर्सचा हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा केला. सर हसले आणि गळा धरून कळवळले. वहिनी कडाडल्या, "भावोजी, आधी बाहेर व्हा! टाके उसवतील त्यांचे!" दारात पोचलो, तर मागून सर कुजबुजले, "पिस्तुलात दोन टिकल्या भरत जा." पंधरा दिवसांनी ते गेले.

यंदा मॅडमनी पिस्तूल माझ्या हातात दिलं, पण चटकन सोडेनात. "माझ्या दुर्बिणीला बूटपॉलिश तुम्हीच लावलं होतंत. डोळ्यांभोवती काळी कडी घेऊन पाहुण्यांबरोबर फोटो निघालाय माझा! आज एक चाळा केलात, तर हे पुन्हा हाती लागणार नाही."

"आईशप्पथ, मॅडम!"

खरंच सांगतो, मला ते पिस्तूल हवं होतं. मुठीला सरांनी गुंडाळलेली चिकटपट्टी अजून तशीच होती. त्यांच्या बोटांचे खळगे पडलेली.

दुपारपर्यंत मी शहाण्या बाळासारखा वागलो. मग मुलींची शंभर मीटर. सहाव्या पट्टीत एक किडकिडीत पोरगी, पहिलीच स्पर्धा. मी बार काढला. तिचा पाय ब्लॉकवरून सटकला आणि ती तळव्यांवर आपटली. मॅडम दहा पावलांवर बसलेल्या. मी मूठ घट्ट धरली.

आणि दुसरा बार काढला.

"माझी चूक! बोट लवकर दाबलं गेलं!"

"केलात ना चाळा!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. मी कान पकडले. सगळं मैदान माझ्यावर हसत होतं. पोरीकडे कोण बघतंय? तिने हात झटकले, पुन्हा जागा घेतली आणि सहा जणींत पाचवी आली. नाचली मात्र पहिली आल्यासारखी.

संध्याकाळी पिस्तूल गेलं. आता मी लांब उडी मोजतो. चड्डीत वाळू जाते. पिस्तूल गणिताच्या प्राध्यापकांकडे आलंय. फार काटेकोर माणूस. काल त्यांच्या टेबलावर जाऊन मी दुसरी टिकली ठेवली.

"ही जादा कशाला?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

मी खुर्ची ओढली. "सांगतो ना. आधी जरा कान पकडून दाखवा बघू."