कोंबडी बसली आहे, हळू बोलावे

“अब्बा, कोंबडी बसली. आता फोनले हात लावाचा नाही,” नाहिदने बजावलं.

जमीरमास्तरने शिलाई मशीनवरून मान लांब करून पाहिलं. फोनच्या पडद्यावर एक तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती आणि त्याच्याकडे संशयाने बघत होती.

“अन् लावला तं?”

“उठून जाते. अंडं थंडं पडते. अर्धा घंटा धीर धरला का पिल्लू निंगते.”

“अर्ध्या घंट्यात? तुह्या अम्मीच्या कोंबड्यायले तीन हप्ते लागते.”

“थ्या कोंबड्यायले कामात मन लावाले कोनी ठेवलं नाही. हे ॲप हाय.”

परीक्षेच्या आधी अभ्यासाला बसताना नाहिदने या ॲपमध्ये अख्खं खुराडं भरवलं होतं. निकाल अजून लागायचा होता, पण पिल्लं धडधाकट होती. त्या भरवशावर तिने आज बापाच्या दुकानात कोंबडी बसवली.

कारण तसंच होतं. उद्या सकाळी वणीच्या गाडीने जमीरच्या बायकोला, सुग्राबीला, भाचीच्या, म्हणजे आरिफाच्या निकाहला जायचं होतं. तिचा हिरवा ड्रेस जमीरने दोन ईदीआधी कापून ठेवला होता. त्यानंतर त्या कापडावर लोकांच्या पँटी येत गेल्या, शाळांचे गणवेश येऊन गेले, आणि ड्रेस तळाशी गेला. आज सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता सुग्राबी शांतपणे म्हणाली होती, “पाचपर्यंत झाला तं ठीक. नाही तं बसंतीबाईकडे नेते.”

बसंतीबाईचं दुकान बरोबर समोर. ती शिवलेला प्रत्येक ड्रेस इस्त्री करून दारात टांगायची. म्हणजे घाटंजीच्या एका टेलरच्या बायकोचा ड्रेस दुसऱ्या टेलरच्या दारात वाऱ्यावर हलणार होता, आणि जमीरला तो दिवसभर काज करता करता दिसणार होता.

पहिली कोंबडी लगेच उठली. ती नीट बसली आहे का, हे बघायला जमीरनेच फोन उचलला होता. “अंडं पाह्यत होतो,” तो म्हणाला. नाहिदने दुसरी कोंबडी बसवली, फोन काचेच्या कपाटात उभा करून ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकून ती क्लासला निघून गेली.

जमीर शिवायला लागला. फोन वाजायला लागला.

इथे जमीरच्या फोनबद्दल सांगायला हवं. तो पहिल्या रिंगला उचलला जायचा आणि त्यातून “बस, इस्त्रीच करून राह्यलो” हे एकच वाक्य बाहेर यायचं. कापड अजून पिशवीत असलं तरी. जमीरमास्तर कपडे वेळेवर देत नाही हे गाव सहन करत होतं, कारण फोन वेळेवर उचलतो. तो आज वाजून वाजून थांबत होता. पँट शिवायला टाकलेल्या पुंडलिकरावांनी तीनदा लावला आणि चौथ्यांदा लावायच्या ऐवजी चपला घातल्या.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात केळी होती. आजाराची खात्री नसल्याने अर्धाच डझन.

“जमीर, जित्ता हाय ना बावा?”

“श्श,” जमीर मान खाली घालून म्हणाला. “कोंबडी बसली हाय.”

पुंडलिकरावांनी कपाटात पाहिलं. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या कोंबड्या होत्या आणि बसलेल्या कोंबडीजवळ कोणी ओरडत नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. ते कपाटासमोर स्टूल ओढून बसले आणि आवाज खाली आणला. आवाजाचा ॲपशी काही संबंध नाही, हे नाहिदने कोणाला सांगितलं नव्हतं.

मग मास्तर फोन उचलेना म्हणून ऑटोवाला धम्मरत्नही आला. त्याने बाहेर ऑटो चालूच ठेवला होता. “काका, मास्तरले उचला, मी पाय धरतो. दवाखाना उघडा हाय.”

“हळू,” पुंडलिकराव म्हणाले. “आधी थो ऑटो बंद कर. अंडं हाय आत.”

धम्मरत्नने ऑटो बंद केला आणि तोही बसला. दोघांनी मिळून केळी खाल्ली. तेवढ्यात पुंडलिकरावांची नजर फळीवर गेली. तिथे त्यांच्या पँटचं कापड दुकानातून आणलं तसंच, घडीत, पडलं होतं.

“काबे,” ते कुजबुजले, “काल तं इस्त्री करून राह्यला होता ना?”

“कापडाची इस्त्री करून राह्यलो होतो,” जमीर कुजबुजला.

“लबाडा.”

“हो.”

“लाज कशी वाटत नाही?”

“वाटते. बाही लावून घेऊ द्या, मंग वाटून घेतो.”

पुंडलिकरावांच्या आयुष्यातलं हे पहिलं कुजबुजत केलेलं भांडण. ते लवकर संपलं. कुजबुजून फार वेळ संतापता येत नाही, घसा दुखतो.

फोन पुन्हा वाजला. या वेळी कोंबडीच्या वर नाव आलं : घर.

मशीन थांबली.

“घरचा हाय,” धम्मरत्न म्हणाला. “उचला मास्तर. कुलूप तोडू काय?”

“उचल बावा,” पुंडलिकरावही म्हणाले. “कोंबडी दुसरी भेटते.”

जमीरने फोनकडे पाहिलं, मग हातातल्या बाहीकडे. पाय पुन्हा चालू झाला. फोन वाजून वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. कोंबडी जागची हलली नाही. दुकानात तिच्याबद्दलचा आदर वाढला.

थोड्याच वेळात सुग्राबी आली. बुरख्याची वरची बटणंसुद्धा लावलेली नव्हती.

“नाहिदचे अब्बा! फोन काहून उचलला नाही? मले वाटलं...”

“भाभी, हळू,” पुंडलिकराव म्हणाले.

“तुहाच ड्रेस शिवून राह्यलो,” जमीर म्हणाला.

“थे तं तुमी दोन ईदीपासून शिवून राह्यले.” मग तिला सुईखालची हिरवी बाही दिसली. तिने कपाटात वाकून पाहिलं. “हे खुडूक नाही. खुडूक कोंबडी अशी मान वर करून बसत नाही. हे फसवून राह्यली तुमाले.” एवढं बोलून ती बाकावर बसली. आवाज मात्र तिनेही खालीच ठेवला.

पिल्लू निघालं तेव्हा पुंडलिकराव आणि धम्मरत्न दोघांनी टाळ्या वाजवल्या. समोरून बसंतीबाईही बघायला आली, “कायचं व्हय, कायचं व्हय” म्हणत. जमीरने मान वर केली नाही. तो गळ्याची तुरपाई करत होता. पाच वाजायच्या आत त्याने दाताने धागा तोडला आणि ड्रेस सुग्राबीच्या हातात दिला. बसंतीबाईने शिवण उलटून पाहिली, काही खोड निघाली नाही, म्हणून ती नाराज होऊन परत गेली.

सुग्राबी पडद्याआड गेली आणि ओढणी सावरत बाहेर आली.

ड्रेस खांद्यावरून खाली आला होता. कमरेपाशी एवढी जागा होती की त्यात आणखी एखादी बारीक सुग्राबी मावली असती.

“माप तं बरोबर होतं,” जमीर म्हणाला.

“घेतलं कवा तुमी? मले माहीत हाय म्हनले अन् कापलं.” ती हसली. “मागच्या साली ऑपरेशन नाही झालं काय? तवापासून सारेच कपडे ढिले झाले. चालते. उन्हाळ्यात ढिलंच बरं.”

त्या वर्षभरात जमीरने अख्ख्या घाटंजीच्या कमरा मोजल्या होत्या. कोण सुटलं, कोण वाळलं, हे त्याला डॉक्टरच्या आधी कळायचं.

“पाठ करा बे,” तो म्हणाला.

पुंडलिकराव आणि धम्मरत्न मुकाट्याने रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. जमीरने गळ्यातली टेप काढली, सुग्राबीच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरली आणि आकड्यावर बोट ठेवून तसाच उभा राहिला.

“झालं काय?” सुग्राबीने विचारलं.

“थांब,” तो म्हणाला. “पाहून राह्यलो.”