मास्तरांच्या विहिरीची परीक्षा

विहीर पास झाली, तर मास्तरांची उतारावरची सहा एकर जमीन नव्या सिंचन योजनेत जाणार होती. आजवर तिथे कुसळांखेरीज काही उगवलं नव्हतं. आता वर्षाला दोन पिकं निघाली असती. शिवाय ‘विहिरीला पाणी आहे, मी आधीच सांगत होतो’ असं जन्मभर म्हणायचा हक्क मिळाला असता. गणित शिकवून निवृत्त झालेल्या नवऱ्याला जमिनीपेक्षा या हक्काचाच मोह जास्त आहे, हे त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं.

नियम कागदावर छापलेला होता. मोजणीच्या बाई येऊन आधी पाण्याची पातळी बघणार, मग पंप लावून ती काठापासून नऊ मीटर खोल नेणार. पातळी जेवढी उतरली त्यातली पाऊण चार तासांत परत चढली, तर नवी जमीन भिजवायला परवानगी. मास्तरांनी वाचलं सगळं, पण जीव पहिल्याच ओळीत अडकला. पाणी जितकं वर, तितके गुण जास्त.

“विहीर आहे तशी राहू द्या,” वांग्यांच्या आळ्यात पाणी सोडता सोडता बायको म्हणाली.

मास्तर ‘हं’ म्हणाले आणि थेट चढावरच्या शेतात थोरल्या बहिणीकडे गेले. तिचं शेततळं अजून निम्मं भरलेलं होतं.

“अक्का, थोडं पाणी हवं होतं.”

“थोडं म्हणजे?”

“अडीच मीटर.”

“लोक घागरीनं मागतात, तू उंचीनं मागतोस. कशाला?”

“विहिरीत सोडायचंय. मोजणीपुरतं.”

“पोरांना कॉपी करताना पकडणारा मास्तर तूच ना रे?”

“ही कॉपी नाही, अक्का. उजळणी आहे.”

“माझ्या चाऱ्याचं काय? गाई काही तुझ्या उजळणीवर दूध देत नाहीत.”

“मोजणी झाली की परत देतो.”

अक्कांनी पाइप दिला. धाकट्या भावाला नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्याची भरपाई त्या टोमण्यांनी करून घेत.

मोजणीच्या सकाळी उजाडेपर्यंत विहिरीतलं पाणी काठाखाली साडेपाच मीटरांवरून तीनवर आलं. दहाला बाई आल्या. फितीला खडू फासून त्यांनी ती आत सोडली आणि खडू कुठवर भिजला ते बघितलं.

“तीन मीटर. ऐन उन्हाळ्यात? वा.”

मास्तरांनी अक्कांकडे असं बघितलं, जणू बक्षीस आपल्यालाच मिळालं. पंप सुरू झाला. पाणी लांब ओढ्यात पडू लागलं.

“वांग्यांना तरी सोडा,” मास्तरांची बायको म्हणाली.

“जवळ सोडलं तर झिरपून परत आत येतं, मोजणी चुकते,” बाई म्हणाल्या.

अक्का काठावर बसून बघत होत्या. “मास्तर, तुझं ‘परत देतो’ ओढ्यानं चाललंय बघ.”

पातळी नऊवर आली तेव्हा पंप बंद केला. चार तासांनी पाणी सहावर होतं.

“उतरलं सहा, चढलं तीन. निम्मंच,” बाई म्हणाल्या. “या विहिरीवर नवी जमीन भिजणार नाही.”

मास्तरांनी बाईंच्याच खडूचा तुकडा घेऊन कठड्यावर हिशेब मांडला. विहिरीला हात लावला नसता, तर साडेपाचावरून नऊ, म्हणजे साडेतीनच उतरलं असतं. झरे तेच, त्यामुळे त्यातले तीन परत. पाऊणपेक्षा जास्त. गप्प बसावं, तर विहीर कायमची नापास. बोलावं, तर तीन बायकांसमोर.

“सांगतोस, की मी सांगू?” अक्का म्हणाल्या.

मास्तरांनी सांगितलं, कठड्याकडे बघत. बाईंनी ऐकून घेतलं, हसू आवरलं आणि आकड्यांवर रेघ मारली. “विहीर नापास नाही, तुमचा पेपर रद्द. पुन्हा मोजू, पण यंदाची यादी आज बंद होते. पुढच्या उन्हाळ्यात या विहिरीला काही शिकवू नका.”

शेवटी जमाखर्च असा झाला. बाईंचा एक दिवस गेला. मास्तरांची सहा एकर आणि ‘मी आधीच सांगत होतो’ हे वाक्य एका वर्षानं लांबलं. अक्कांच्या चाऱ्याचं काही बिघडलं नाही, कारण दिलेला शब्द पाळायला मास्तरांनी दहा दिवस विहिरीचं पाणी वर त्यांच्या तळ्यात चढवलं. त्या दहा दिवसांत वांगी वाळली. ती बायकोची होती, जिनं विहीर आहे तशी राहू द्या म्हटलं होतं.