महाराजांच्या हाताला थांबणारी गाडी

"थांब!" देवेंद्रमहाराजांनी हात उगारला आणि बिनड्रायव्हरची गाडी वाडीच्या नाक्यावर जागच्या जागी थांबली. धुपाच्या धुरात गर्दीने एकच जयजयकार केला.

"आत भूत आहे, भूत!" महाराज गरजले. "ड्रायव्हर नाही, मग चालवतं कोण? माझा धागा न बांधता चढाल तर पुन्हा उतरणार नाही!" थोड्या वेळाने ते "जा!" म्हणाले आणि गाडी निमूट निघाली. आत चिटपाखरू नव्हतं.

रिक्षात बसून जयवंतराव हे बघत होते आणि त्यांच्या पोटात दुखत होतं. आधीच या गाडीने त्यांची गिऱ्हाइकं पळवलेली. त्यात मुलगी स्नेहल ही गाडी चालवणाऱ्या कंपनीतच कामाला. रोज जेवताना कौतुक, "पप्पा, ती दमत नाही, चिडत नाही!" म्हणजे बाप काय नुसता चिडतोच?

पण खरी आग लावली होती देवेंद्रने. मेला काल-परवापर्यंत याच स्टँडवर रिक्षा लावायचा. धड रिव्हर्स येत नव्हता, आणि आता त्याच्या गळ्यात हार! आम्ही जन्मभर ब्रेक मारले, आम्हांला कुणी फूल तरी दिलं?

दुसऱ्या दिवशी महाराज यायच्या आत जयवंतरावांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून तसाच हात उगारला. गाडी सुसाट निघून गेली. गुजराती चहावाला खो खो हसला, "काका, तमारामां पावर नथी! तुमच्यात ती शक्ती नाही!"

संध्याकाळी स्नेहल तोंड पाडून घरी आली. "लोक घाबरून चढतच नाहीत, पप्पा. गाडीची चाचणी बंद होणार. माझी नोकरी गेलीच समजा."

'बंद पडली तर बरंच' हे जयवंतरावांच्या ओठांवर आलेलं, त्यांनी गिळलं. "पण ती त्या देवेंद्रचंच का ऐकते गं? मी हात केला तर ढिम्म!"

"तुम्ही हात केलात?" स्नेहलला हसू आवरेना. मग ती एकदम थबकली. "त्याचा चेला धुपाटणं कुठे धरतो?"

"कडेलाच. गाडी दिसली की फुंकून फुंकून रस्ताभर धूर करतो."

"हात्तिच्या! अहो, गाडी किरण सोडून पुढचं बघते. दाट धूर म्हणजे तिला भिंतच. म्हणून थांबते, धूर विरला की निघते."

जयवंतरावांना रात्रभर डोळा लागला नाही. गप्प राहावं तर पोरीची नोकरी जाते. बोलावं तर उरलीसुरली गिऱ्हाइकंही गाडीत बसतात. पण खरं सांगायचं तर देवेंद्रचे ते हार काही केल्या नजरेपुढून हलेनात.

सकाळी ते घरचं धुपाटणं घेऊन गर्दीत शिरले. गाडी दिसताच त्यांनी महाराजांच्या चेल्याच्या आधीच फुंकर मारली. हात खिशातच. गाडी थांबली.

"महाराज, म्हणा आता 'जा'!"

"जा!" महाराज ओरडले. जयवंतराव फुंकतच राहिले. "जा! अगं जा की!" गाडी हलेना. मग जयवंतरावांनी धुपाटण्यावर झाकण ठेवलं. धूर विरला आणि गाडी आपसूक निघून पुढच्या थांब्यावर उभी राहिली. लोक हसत सुटले आणि महाराज गर्दीतून वाट काढू लागले.

"भाईओ," जयवंतराव म्हणाले, "ही गाडी माझ्या डोळ्यांत सलते, हे उघड सांगतो. बसण्याआधी विचारा, पोर आडवं आलं तर थांबते का? पावसात दिसतं का? बिघडली तर जबाबदार कोण? उत्तर पटलं नाही तर माझी रिक्षा आहेच. पण भुताला भिऊन माझ्याकडे येऊ नका. तसलं गिऱ्हाईक मला नको."

त्यांच्या रोजच्या गिऱ्हाईक येसूबाई थांब्यावर गेल्या. तिथे उभ्या असलेल्या स्नेहलला त्यांनी तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरं नीट ऐकून घेतली आणि गाडीत चढल्या.

जयवंतरावांचा जळफळाट झाला. पण त्यांनी हाक मारली नाही.