डॅम्परचा खरा रंग

मित्रांनो, माझ्या अवताराकडे बघून हसू नका. मी एक जुना, कापडी, हातात घालून बोलता करायचा काकाकुवा आहे. माझं नाव डॅम्पर. एके काळी वॉरिंगा परिसरातलं एकही मूल मला पाहिल्याशिवाय संध्याकाळचं जेवत नसे. हे सांगतानाही माझ्या चोचीला सुरसुरी येते.

वॉरिंगाचं टीव्ही केंद्र म्हणजे गव्हाच्या शेतांमधली पत्र्याची एक लांबट इमारत आणि तिच्यामागे उंच मनोरा. क्लॅरी हॅडो हे तिथले निवेदक. सकाळी ते मेंढ्यांचे बाजारभाव सांगत, रात्री हवामान, आणि शाळा सुटल्यावर मुलांचा कार्यक्रम करत. एकट्यानं बडबडून ते कंटाळले होते. तेव्हा केंद्रात फोन घेणाऱ्या मर्ल ट्रँटर बाईंनी घरून चिंध्यांचं गाठोडं आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसून मला शिवलं. डावा पंख हिरव्या पडद्याचा, उजवा तपकिरी घोंगडीचा, पोट नवऱ्याच्या निळ्या पायजम्याचं.

"अगं मर्ल, हा काकाकुवा आहे की गोधडी?" क्लॅरीकाकांनी विचारलं.

"टीव्हीवर सगळं राखाडीच दिसतं," मर्ल म्हणाली. "तुम्ही रंगवलेली मिशीसुद्धा."

त्या काळी टीव्ही काळा-पांढरा होता, मित्रांनो. कार्यक्रम सुरू झाला की मर्ल टेबलामागे लोकरीच्या पोत्यावर गुडघे टेकून बसायची आणि हात वर करायची. टेबलावर मी दिसायचो, ती दिसायची नाही. माझा खरखरीत, भांडखोर आवाज तिचा होता. एरवी ती हळू बोलणारी बाई. पण हात माझ्यात गेला की तिच्या जिभेला पंख फुटायचे.

जाहिरातीसुद्धा आम्ही तिथेच, तोंडानं करायचो. पहिली जाहिरात गावातल्या क्विल्टीच्या लेमोनेडची. क्लॅरीकाकांनी पेला भरला, मोठा घोट घेतला आणि "अहाहा! किती ताजंतवानं!" असं पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. मी गप्प राहायचं असं ठरलं होतं. पण मर्लचा हात चुळबुळला.

"ढेकर अडलीय का काका? देऊन टाका! घरचीच माणसं आहेत!"

क्लॅरीकाका इतके हसले, की लेमोनेड नाकातून बाहेर आलं. क्विल्टीशेठ तणतणत केंद्रावर आले. पण त्या आठवड्यात दुकानांतलं लेमोनेड संपलं आणि शेठचा राग गेला. मग गालिचेवाला आला, टायरवाला आला, मटण भरलेले पॅटिस विकणारा बेकरीवाला आला. सगळ्यांना मीच हवा होतो. गालिच्याच्या जाहिरातीला तर आम्ही एक गाणं रचलं होतं. शाळेच्या बसमध्ये पोरं ते बेसूर ओरडत जायची.

मुलं माझी चित्रं काढून पाठवायची. माझा रंग त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या मनातला दिला. कुणी पिवळा, कुणी जांभळा, कुणी आपल्या फुटबॉल संघाचे पट्टे. मर्लनं फोनच्या टेबलावरची सगळी भिंत त्या चित्रांनी भरली. फार सुखाचे दिवस होते. तरी मला धास्ती वाटायची. सुख चाललेलं असलं की मला नेहमीच वाटते.

मग रंगीत टीव्ही आला.

नवा कॅमेरा लावून पाहताना केंद्राचे प्रमुख पास्कोसाहेब पडद्याजवळ गेले, मागे सरकले, पुन्हा जवळ गेले. हिरवा पंख, तपकिरी पंख, निळं पोट. माझ्या अंगावरचा टाका न् टाका ओरडत होता.

"हे कुठलं फडकं?" साहेब म्हणाले. "अब्रू जाईल आपली! सिडनीहून नवा मागवलाय मी, गुलाबी. चालवणारा माणूसही येतोय, त्यातलं शिक्षण घेतलेला."

"आणि मी?" मर्लनं विचारलं.

"तुम्ही फोन घ्या की. तुमच्यासारखा फोन कुणी घेत नाही."

 मर्लनं मला उचललं आणि फोनच्या टेबलाच्या खणात ठेवलं. खणात पेन्सिली होत्या, सुतळी होती, आणि मी. अंधारात मला क्षणभर चैन पडेना. कुणाचं पाऊल वाजलं की वाटे, बोलवायला आले. पावलं पुढे निघून जात.

रंगीत कार्यक्रमाचा पहिला दिवस उजाडला. भिंतीपलीकडून नव्या काकाकुव्याचा आवाज आला; स्वच्छ, गोड, प्रत्येक शब्द घासूनपुसून. क्लॅरीकाकांचं हसणं मात्र ऐकू येईना. कार्यक्रम अजून संपला नव्हता, तोच फोन वाजला.

"हॅलो, वॉरिंगा केंद्र," मर्ल म्हणाली.

पलीकडे एक मुलगी होती. ती इतकी रडत होती, की मला खणातून ऐकू आलं. "मला डॅम्परशी बोलायचंय."

"डॅम्पर आत्ता टीव्हीवर आहे ना, राणी."

"तो नाही! तो खोटाय. आमचा डॅम्पर मेला का?"

मर्लनं रिसीव्हर मानेत धरला. मग खण उघडला. तिचा हात माझ्यात शिरला.

"मेला? मी? अगं, मी इथं टेबलाखाली लोळतोय! जरा चहा प्यायला उठलो, तर त्या गुलाबी कार्ट्यानं माझी खुर्ची पळवली!"

मुलगी रडता रडता हसली. "डॅम्पर, तुझा खरा रंग कुठला रे?"

"तू कुठला काढला होतास?"

"जांभळा. बहीण म्हणते पिवळा."

"मग बरोबर आहे. बहिणीला सांगू नकोस, ती जळेल."

तिनं बहिणीलाच नव्हे, सगळ्या गल्लीला सांगितलं. त्या संध्याकाळी केंद्राच्या फोनला उसंत मिळाली नाही. कुणाला मी लाल होतो, कुणाला पांढरा. मर्ल सगळ्यांना हो म्हणाली. शेवटी पास्कोसाहेब जिना उतरून आले. "बाई, सिडनीला फोन लागत नाहीये मला! काय चाललंय काय?"

त्यांच्यामागून तोंडाची रंगरंगोटी न पुसता क्लॅरीकाका आले. "साहेब, सिडनीचा पोरगा गुणी आहे. पण त्याच्याशी मला भांडता येत नाही. मी उद्या कुणाशी भांडू?"

साहेबांनी मर्लच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. फोन वाजतच होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्हीच बसा. पण हातात नवा पक्षी घालायचा. हे ध्यान पडद्यावर दिसता कामा नये."

 मर्लनं माझ्या चोचीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बरं."

खोटं कशाला बोलू? मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून माझाच आवाज यायचा, दुसऱ्याच्या चोचीतून. क्लॅरीकाका पुन्हा हसू लागले. मुलांनाही तो गुलाबी हळूहळू आवडू लागला. आणि मी खणात तळमळायचो.

पण कार्यक्रम संपला की मर्ल गुडघे चोळत फोनपाशी यायची. मुलांचे फोन थांबले नव्हते. घंटा वाजली की ती आधी मला हातात घालायची, मग फोन उचलायची.

"अगं, फोनवर कुणाला दिसतोय तो?" क्लॅरीकाका एकदा म्हणाले.

"मला दिसतो ना," मर्ल म्हणाली.

असं बरीच वर्षं चाललं. पुढे मोठ्या शहरांतले कार्यक्रम थेट आमच्या गावात दिसू लागले आणि गावचं केंद्र बंद पडलं. आमच्या ज्या थोड्या टेपा होत्या, त्या पुसून त्यांच्यावर कधीच क्रिकेट भरलं होतं. गुलाबी काकाकुवा कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. क्लॅरीकाका गेले, मग मर्लही गेली. तिच्या भाचीनं मला गावच्या संग्रहालयात दिलं.

आता मी काचेच्या घुमटाखाली असतो. केस पांढरे झालेले लोक येतात आणि भांडतात. "हा नाहीच तो. आपला गुलाबी होता." "छे, त्याच्या आधी पिवळा होता!" "ते गालिच्याचं गाणं कसं होतं रे?" प्रत्येकाची चाल वेगळी. मला ओरडून सांगावंसं वाटतं, पण काय करणार!

परवा एक ट्रकवाला आपल्या म्हाताऱ्या बहिणीला घेऊन आला. मला बघताच ती डोळे पुसू लागली. 'हात लावू नये' ही पाटी त्यानं वाचली, आणि काच उचलली. संग्रहालय सांभाळणारी नायरी धावली. तोवर त्याचा रुंद, राठ पंजा माझ्यात घुसला होता. "काय गं म्हातारे," तो भसाड्या आवाजात म्हणाला, "रडत काय बसलीस? चहा पाज की मला!" आवाज मर्लसारखा मुळीच नव्हता. पण ती म्हातारी भिंतीला टेकून पोट धरधरून हसली. नायरी थबकली. तिनं ती काच उचलून जमिनीवर ठेवली आणि पुन्हा काही माझ्यावर झाकली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर, माळ्यावर कुणीतरी माझ्यासारखा चुळबुळत पडला असेल. जपून ठेवलाय म्हणून त्याला विसरू नका. त्याला खाली काढा, हातात घ्या. तो मळेल, झिजेल, एखादा टाका उसवेल. उसवू द्या.