अध्यक्षबाईंची सही कुणाच्या हातात?

"ह्यो दर आपला न्हाईच!" अंबडच्या संगणक केंद्रात पावती हातात घेताच नंदाबाई ओरडल्या.

घनसावंगीकडच्या एका महिला मजूर संस्थेच्या त्या अध्यक्ष. शेतात पाणी नेणाऱ्या पाटचारीच्या दुरुस्तीची निविदा त्यांच्या नावानं यजमानांनीच इथून ऑनलाइन भरली होती. कुणीतरी दर वाढवून ती पुन्हा भरली होती, आणि खाली डिजिटल सही नंदाबाईंचीच! मुदत संध्याकाळी संपणार. वाढीव दरामुळं काम दुसऱ्याला गेलं तर गावातल्या बाया लेकरं घेऊन पुन्हा ऊसतोडीला जाणार.

त्यांचे यजमान भुजंगराव केंद्रचालकावर धावले. "रामकिसन्या, कुणाचं खाल्लंस रे?"

"भाऊ, मला कशाला धरता? भिंत बघा की!"

भिंतीवर खिळ्यांना सहीची डोंगलं लटकत होती, पेनड्राइव्हसारखी. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर संस्थेचं नाव आणि पासवर्ड.

"समद्यांनी इथंच ठिवलीत. दिवसभर कोण येतं, कोण जातं, मी काय सांगू?"

नंदाबाईंनी रामकिसनकडं पाहिलं, बाकावर बसलेल्या एका अनोळखी ठेकेदाराकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"माझ्याकडं काय बघून राह्यली?"

"मंग कुणाकडं बघू? अर्जावर फोटो माझा, कागदं माझी. डोंगल मातर आज पहिल्यांदा दिसलं!"

सोबत नंदाबाईंचे मामा होते, त्रिंबकबुवा. कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, सप्ताहात कीर्तन करणारे.

"जावईबापू, चोर मागून हुडकू," ते म्हणाले. "तुम्ही दाराला कुलूप घातलं अन् किल्ली चौकात टांगली. कायद्याला ही सही म्हंजे नंदेचाच हात. उद्या घोटाळा झाला तर जाब कुणाला पुसतील?"

"मामा, बाईमाणसाला हे कुठं जमतंय..."

"दुसऱ्याच्या नावानं अभिषेक करता येतो, बापू. दुसऱ्याच्या हातानं पाप केलं तर ते कुणाच्या माथी मारायचं? पांडुरंगाला काय सांगाल?"

भुजंगरावांची मान खाली गेली. त्यांनी खिळ्यावरचं डोंगल काढलं, पट्टी फाडली आणि ते बायकोच्या तळहातावर ठेवलं. "चुकलं माझं. तूच भर."

नंदाबाई संगणकापुढं बसल्या.

"वहिनी, नवा पासवर्ड सांगा, मी टाकतो," रामकिसन म्हणाला.

"तू आधी तोंड फिरव! अन् अहो, तुम्ही बी!"

बुवा खदखदून हसले. एकेक अक्षर शोधत नंदाबाईंनी पासवर्ड बदलला, खरा दर भरला आणि स्वतः सही केली. मुदतीच्या आत!

मायबापहो, डिजिटल सहीला भिऊ नका. तिच्याबाबतच्या गाफीलपणाला भ्या. सहीचं प्रमाणपत्र आपल्या नावाचं, तर डोंगल आपल्याजवळ आणि पासवर्ड आपल्या मनात असू द्या. आणि घरच्या बाईला खुर्ची दिली असेल, तर तिची सहीही तिच्याच हाती द्या!